शालनची खिडकी

‘...आणि मी बघितलेलं तिला पोचतं का, बुवा?’

हंसगिरी बुवा चहा पीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारी भिक्षा मागितलेला हा माणूस गाडीत बसल्यापासून एकाही चहावाल्याला विन्मुख पाठवत नव्हता.

‘बुवा, मी काहीतरी विचारलं.’

‘ऐकलं की.’

‘मग?’

‘च्या गोड हाय.’

बुवांचा हा खाक्या हणमंत कोळेकर मास्तरांना नवा नव्हता. मंगळवेढ्याकडच्या माळावर बुवांचा मठ होता. मठ म्हणजे दोन खोल्या आणि एक कडुनिंब. मास्तर वर्षानुवर्षं तिथं जात, प्रश्न विचारत आणि उत्तर न घेता घरी येत. बुवांवर त्यांची श्रद्धा होती. स्वतःच्या प्रश्नांवर जरा जास्तच होती.

पण आजचा प्रश्न नुसता विचारायचा म्हणून विचारलेला नव्हता.

मास्तरांच्या शेजारी, खिडकीपाशी, एक जागा रिकामी होती. तिच्यावर डाळिंबी रंगाची एक शाल घडी घालून ठेवली होती. ती जागा शालनची. शालन मास्तरांची बायको, माघात वारली. मास्तरांनी तरीही तिच्या नावाचं तिकीट काढलं होतं.

सोलापूर सुटल्यावर टीसी आला. ‘शालन कोळेकर?’ त्यानं विचारलं.

‘बाथरूमला गेलीय,’ मास्तर म्हणाले.

शाळेत एका खोट्याबद्दल पोरांना दिवसभर उन्हात उभं करणारा हा माणूस! टीसी मान हलवून पुढं गेला. मास्तर मात्र कितीतरी वेळ त्या बाथरूमच्या दाराकडे बघत राहिले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेवर, मास्तरांची थोरली बहीण बसली होती. तिला सगळे अक्का म्हणत. ऐन तारुण्यात कपाळ पांढरं झालं आणि ती भावाकडे आली, ती कायमची. मांडीवर भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन ती बसली होती. येणारा-जाणारा तिच्या गुडघ्याला धडकत होता आणि ती दर वेळी पाय आत ओढून घेत होती.

समोरच्या बाकावर बुवा मांडी घालून बसले होते. त्यांच्या बाजूच्या खिडकीला एक जाडजूड गृहस्थ टेकून झोपले होते. त्यांनी शटर पार खाली ओढलं होतं आणि ते घोरत होते.

आगगाडीतून एवढ्या लांब यायची तिघांचीही ही पहिलीच वेळ.

मास्तर भूगोल शिकवत. केरळ त्यांना तोंडपाठ होतं. मिरी कुठं पिकते, खाऱ्या पाण्याची सरोवरं कुठं आहेत, नैर्ऋत्य मोसमी वारे आधी कुठं टेकतात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. घरात भिंतीवर भारताचा मोठा नकाशा होता. संध्याकाळी शालन नकाशासमोर बसायची आणि मास्तर छडी घेऊन तिला देश दाखवायचे.

‘तिथं खरंच जमीन उघडी दिसत नाही?’ ती विचारायची.

‘नाही म्हटलं ना. सगळं हिरवं.’

‘बांधसुद्धा?’

‘बांधसुद्धा.’

‘एकदा दाखवा की हो मला.’

‘पुढच्या मेमध्ये.’

मे यायचा. कधी पेपर तपासायचे असत, कधी घराचं काम निघे, कधी नुसताच कंटाळा असे. आणि खरं सांगायचं तर मास्तरांना आतून वाटायचं, जे आपल्याला सगळं माहीत आहे ते बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? शेवटी शेवटी शालननं विचारणं सोडलं. मास्तरांना वाटलं, हौस फिटली असेल. न जाताच कुणाची हौस फिटते का? पण माणूस आपल्या सोयीचं तेवढं समजून घेतो.

मग ती आजारी पडली. आणि मग मे महिना यायच्या आतच गेली.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला. बाभळीवर कावळे येऊन बसले, पण खाली एकही उतरेना. रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन तिला शब्द दिला. मुलगा म्हणाला, ‘आई, सणावाराला गावी येत जाईन.’ शालनचा भाऊ म्हणाला, ‘ताई, तुझ्या धाकटीचं लग्न थाटात करीन.’ अक्का म्हणाली, ‘शालन, हणमाला उपाशी ठेवणार न्हाई गं.’ कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. लोक चुळबुळू लागले.

तेव्हा मास्तर पुढं झाले.

‘शालन... तुला केरळ दाखवीन. खिडकीपाशी बसवून नेईन.’

कावळा उतरला. पिंडावर बसला, चोच मारली आणि शिताचा घास घेऊन उडाला.

मास्तर तिथंच मातीत बसले. इतकी वर्षं तिची खरी इच्छा ही एवढीच होती, हे सगळ्या गावासमोर एका पाखरानं सांगितलं होतं.

म्हणून हे तिकीट होतं, म्हणून ही शाल. बुवांनाही त्यांनी हट्टानं बरोबर घेतलं होतं. ‘तुम्ही असलात म्हणजे तिला पोचेल,’ असं त्यांचं म्हणणं.

कोइमतूर मागं पडलं. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येऊ लागले.

‘ही पालघाटची खिंड,’ मास्तर रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाले. ‘इथून पुढं तुझं केरळ.’

अक्कानं मान तिरकी केली. मास्तरांच्या खांद्यावरून काही दिसतंय का ते बघितलं. मास्तर शालीशी बोलत पुढं झुकले होते. अक्कानं मान सरळ केली आणि गाठोडं सोडलं.

‘जेवून घ्या,’ ती म्हणाली.

ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. तिनं कागदाचे तुकडे पसरले. बुवांना दिलं, भावाला दिलं. मग आणखी एका कागदावर भाकरी, चटणी वाढून तो कागद तिनं भावाच्या हातात दिला. काही विचारावं लागलं नाही. मास्तरांनी तो शालीसमोर, खिडकीच्या कडेला ठेवला आणि हात जोडले.

‘शालन, जेव.’

बुवांनी आपला चहाचा कप खाली ठेवला. ते उठले. वाकून त्यांनी खिडकीतला तो कागद उचलला, बसले आणि भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावला.

‘बुवा!’

बुवा चावत राहिले. कडक भाकरी, आणि तोंडात दात थोडे. वेळ लागत होता.

‘बुवा, ते तिचं आहे!’

‘व्हय?’

‘तिच्यासाठी वाढलं होतं. तुमचं तुमच्यापुढं आहे.’

बुवांनी आणखी एक घास घेतला. मास्तरांचा चेहरा लाल झाला. गुरू असले म्हणून काय झालं? मेलेल्या माणसाच्या पानातलं कुणी असं उचलून खातं?

‘मास्तर,’ बुवा म्हणाले, ‘दहाव्याला कावळा बसला, तवा त्याला ‘ऊठ, ते तिचं हाय’ म्हनला हुतास का?’

...

समोरचे गृहस्थ कुशीवर वळले.

कावळा बसावा म्हणून मास्तरांनी हात जोडले होते. बसल्यावर त्यांना रडू आलं होतं. त्याला हाकलायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बुवांनी उरलेली भाकरी संपवली आणि कागदाची नीट घडी केली.

‘अक्का,’ ते म्हणाले, ‘तिकडं सरक. खिडकीला.’

अक्का घाबरली. ‘नगं बुवा. शालनची जागा हाय ती. मी हितं बरी हाय. हितनं बी दिसतंय.’

‘काय दिसतंय?’

अक्कानं मान तिरकी करून बघितलं.

‘हणमाची पाठ,’ ती म्हणाली.

ती तक्रार नव्हती. दिसत होतं ते तिनं सांगितलं. बुवांनी मास्तरांकडे बघितलं आणि ते बघतच राहिले.

मास्तरांनी शालीकडे हात नेला. तो मध्येच थांबला. ही शाल उचलली की जागा मोकळी होणार होती, आणि मग शालन खरोखरच गेली असं होणार होतं. माघापासून जे त्यांनी होऊ दिलं नव्हतं, ते या डब्यात, परक्या लोकांसमोर होणार होतं.

गाडीनं मोठं वळण घेतलं. अक्काचा तोल गेला. तिनं आधाराला वरच्या बाकाची साखळी धरली. ती साखळी धरलेला हात मास्तरांना दिसला. शालनला शेवटी शेवटी हाच हात अंघोळ घालत होता.

मास्तरांनी शाल उचलून आपल्या मांडीवर घेतली.

‘ये अक्का,’ ते म्हणाले.

अक्का त्यांच्या पुढून गेली. अंग चोरून, बाकाच्या कडेवर अर्धीच टेकली. परक्याच्या घरात बसावं तशी. पदर सावरला. मग तिनं बाहेर बघितलं.

‘अगं बाई...’

भातखाचरं होती, त्यात पाणी होतं. पाण्याच्या कडेनं नारळ, त्यांच्या मागं केळी, आणि केळींच्या आडून एखाद्या घराचं कौल. बांध होते, पण तेही गवतानं भरलेले. मास्तरांनी वर्षानुवर्षं छडीनं दाखवलेला देश समोरून चालला होता आणि त्यात छडी कुठं टेकवावी ते त्यांना कळत नव्हतं.

‘हणमा, ते येल चढलंय झाडावर, ते कसलं रं?’

मास्तरांनी बघितलं. मिरी असावी. किंवा विड्याची पानंही असतील. पुस्तकात वेलाचं चित्र नव्हतं.

‘माहीत नाही,’ ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं.

‘गुरांची चैन असंल हितं,’ अक्का म्हणाली. ‘चाऱ्याला बाहीर जायाच नगं. दावं सोडलं की झालं.’

ती हळूहळू बाकावर मागं सरकली. नीट बसली. गजांना दोन्ही हातांनी धरलं. वारं तोंडावर येत होतं आणि पांढरे केस उडत होते, पण ती ते सावरत नव्हती.

‘तू म्हनायचास तसंच हाय की रं. जमीन उघडी न्हाईच कुठं.’

मास्तर चमकले. ‘मी तुला कधी सांगितलं?’

‘मला न्हाई. शालनला सांगायचास. मी सैपाकघराच्या दारात असायची नव्हं. पिठाचं हात घिऊन उभी राहायची.’

‘रोज?’

‘रोज कुठलं. काम नसलं की.’

मास्तरांना ते दार आठवलं. नकाशाच्या उजव्या अंगाला होतं. छडी श्रीलंकेपाशी नेली की त्या दाराला लागायची. दारात कुणी उभं असलेलं मात्र काही केल्या आठवेना.

‘तुला... तुलाही यायचं होतं?’

अक्का बाहेर बघत होती. उत्तर द्यायला तिला वळावंसं वाटलं नाही.

‘यायचं हुतं की.’

‘मग कधी बोलली नाहीस ती?’

‘शालन इचारायची,’ अक्का म्हणाली. ‘एका घरात दोघींनी किती इचारायचं?’

...

मास्तरांना वाटत होतं, आपल्या हातून एक चूक झाली. एकाच माणसाच्या बाबतीत झाली, आणि ते माणूस गेलं म्हणून ती आता फिटायची नाही. तिकीट काढून, शाल ठेवून ते तिचीच भरपाई करत होते. दुसरं माणूस रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढत होतं. कालही वाढली होती. मघाशी या हातांनी त्यांनी त्याच माणसाकडून नैवेद्याचा कागद घेतला होता, आणि तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

शालन विचारत तरी होती. हिला विचारायचंही सुचू नये, इतकी जागा त्यांनी अडवून ठेवली होती.

त्यांना हुंदका आला. शिकवणाऱ्या माणसाला चारचौघांत रडायची सवय नसते. ते झटकन उठले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपलं तोंड दिसू नये म्हणून खिडकीकडे वळले, गजांवर कपाळ टेकलं आणि शाल तोंडात धरून रडू लागले. खांदे गदागदा हलत होते.

अक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बाहेर एक नदी आली असावी. पुलाचा आवाज सुरू झाला, डब्यात पाण्याचा गार वास भरला. अक्कानं मान डावीकडे केली, उजवीकडे केली, भावाच्या काखेखालून वाकून बघायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला.

बुवांनी मास्तरांच्या सदऱ्याचं टोक धरून हळूच ओढलं.

‘रड, मास्तर. पन जरा बाजूला सरून रड. अक्काला नदी दिसंना झालीया.’