अस्सल हिरवा

शाईला वाचा होती तेव्हाची गोष्ट. रंगपेटीतला हिरवा स्केचपेन निळ्या-पिवळ्याशेजारी बसायलाच तयार नव्हता. "मी अस्सल आहे! माझ्यात कुणाची भेसळ नाही!"

"मग होऊन जाऊ दे परीक्षा!" पांढरा खडू म्हणाला.

हिरव्याने ऐटीत खडूच्या पायाजवळ ठिपका दिला. खडू बशीतल्या पाण्यात उभा राहिला. पाणी खडूतून वर चढू लागलं आणि ठिपक्यालाही घेऊन निघालं.

"अरे, बघा बघा!" सगळी पेटी ओरडली. वर निळा पट्टा, खाली पिवळा!

हिरवा घाबरला. "मग मी कुठे गेलो?"

"हा काय!" खडूने मधली बारीक हिरवी रेघ दाखवली. "हे दोघं बिलगलेत, तिथे."

हिरव्याने पेटीत उडीच मारली. "निळ्या, पिवळ्या, सरका रे! मला मधे बसायचंय!"