खरवडची बाभूळ

माणदेशातील खरवड गावी श्रीकेवलनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हा दुष्काळाचे तिसरे वर्ष सरत होते. भाविकहो, महाराज जिच्याखाली बसत ती देवळासमोरची बाभूळ म्हणजे गावात उरलेले शेवटचे हिरवे झाड. तिच्या लाकडाचे नांगर झाले, सालीवर कातडी कमावली गेली, डिंकावर बाळंतिणी उभ्या राहिल्या, शेंगांवर शेळ्या जगल्या. एवढे सारे घेऊन गावाने तिला पदवी दिली ती भुताच्या झाडाची!

ठमाई कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतली. साल काढण्याआधी ती महाराजांचे नाव घेई, खोडाला हात जोडी आणि एकाच बाजूची साल काढी. दुसरी बाजू झाडाची. तिची सून राही हिला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि अंगावर दुधाचा थेंब नव्हता; दुष्काळात बाभळीचा डिंकही सुकला होता. नात जगत होती ती बोळ्याने पाजलेल्या शेळीच्या दुधावर, आणि शेळी बाभळीच्या शेंगांवर.

पाऊस का पडत नाही, याचे कारण वैजनाथशास्त्र्यांना पोथीत सापडले. देवासमोर काटेरी वृक्ष नसावा. कुऱ्हाडी आल्या.

ठमाई दूर धुळीत आडवी झाली. "शास्त्रीबुवा, शेंगा गेल्या की शेळी आटंल. शेळी आटली की माझी नात जाईल. थोडं दिस थांबा!"

"नात जगवायला भुताकडे आलीस होय?" शास्त्री हसले. "पवित्र वृक्षांत वड आहे, पिंपळ आहे, औदुंबर आहे. तुझी बाभूळ कोणत्या श्लोकात आहे, सांग बरे!"

महाराज शांतपणे म्हणाले, "शास्त्रीबुवा, रोज सकाळी वेदांच्याही आधी तुमच्या मुखात काय जाते?"

"बाभळीचं दातवण, महाराज!" एक लाकूडतोड्या फिसकन हसला.

शास्त्र्यांचा चेहरा लाल झाला. "तोडा!"

महाराजांनी खोडाला मिठी मारली. चौघांनी त्यांना उचलून बाजूला ठेवले. तत्पूर्वी चौघेही त्यांच्या पाया पडले, कारण खरवडला संतांचा मान ठाऊक होता.

झाड पडले. पाऊस पडला नाही. तिसऱ्या दिवशी शेळी आटली, पाचव्या दिवशी नात गेली. ठमाईने बुंध्याजवळच वीतभर खड्डा खणला, लेकराला त्यात निजवले आणि माती सारखी केली.

"महाराज," ती म्हणाली, "रोज नाव घेतलं तुमचं. कमी पडलं व्हय?"

महाराज तिच्याशेजारी मातीत बसले. मग म्हणाले, "तुझं काही कमी पडलं नाही, माय. कुणाचं पडलं, हे मलाही देवाला विचारायचं आहे."

त्यांनी कोरड्या बुंध्यावर तळहात टेकला आणि ते रडू लागले. काय सांगावे! पाच दिवस उन्हात करपलेल्या त्या लाकडाच्या प्रत्येक घावातून डिंक झरू लागला, मधासारखा तांबूस, निर्मळ. पाटी भरली, दुसरी भरली, तरी धार थांबेना. ज्या तोंडांनी भूत म्हटले होते त्याच तोंडांनी गाव तो डिंक खाऊ लागले. ठमाईने मात्र बोटालाही लावला नाही.

दुपारी वैजनाथशास्त्री हातात वाटी घेऊन आले. त्यांची लेक माहेरी बाळंत झाली होती आणि तिचेही दूध आटले होते. आता त्यांना श्लोक आठवत नव्हता. ते महाराजांच्या पायांशी वाकले, तसे महाराज मागे सरले.

"माझ्या नव्हे," महाराज म्हणाले. "अपराध जिचा केलात, तिच्या."

ठमाईच्या सावलीचाही ज्यांना विटाळ होत असे, त्या शास्त्र्यांनी साऱ्या गावादेखत तिच्या पायांवर मस्तक ठेवले. हातातली वाटी धुळीत पडली. ठमाईने आशीर्वाद दिला नाही. खाली पडलेली वाटी उचलली, डिंकाने भरली आणि त्यांच्यापुढे धरली.

"उठा, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "पोर भुकेजलं असंल."