सात आडवे

शब्दकोडं रचणारा माणूस रिकामटेकडा असतो, असं म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. आमच्या दैनिकाची कोडी विमलताई डोंगरदिवे रचायच्या. त्या रविवारच्या कोड्याचा विषय होता, ‘गोठ्यातले उपद्रवी जीव’. ताईंनी आधी ‘गोचीड’ आडवा बसवला, त्याच्या ‘गो’पासून ‘गोम’ खाली सोडली आणि बाकीची घरं जुळवण्यात तीन दिवस घालवले.

रविवारी दुपारी नगराध्यक्ष भोंगळे चार माणसं घेऊन कचेरीत घुसले आणि त्यांनी अंक ताईंच्या टेबलावर आपटला.

“सात आडवे! ‘दुसऱ्याच्या रक्तावर फुगतो, चिकटला की जागा सोडत नाही.’ तीन अक्षरं! ही माझी बदनामी आहे. उद्या पहिल्या पानावर माफी छापा, नाहीतर हे कोडं कायमचं बंद करा!”

आणि आमचे संपादक? ते माफीचा मजकूर लिहायलाही बसले!

ताईंनी अंक शांतपणे उलगडला. सात आडव्याच्या तीन घरांत हिरव्या शाईनं ‘भोंगळे’ लिहिलं होतं. तेच हिरवं पेन नगराध्यक्षांच्या खिशाला होतं.

“साहेब, मी घरं रिकामी छापली होती. त्यांत तुमचं नाव तुम्ही भरलंत. त्यानं खालच्या गोमेची ‘भोंम’ झाली, तेवढंही पाहिलं नाहीत. माझं उत्तर गोचीड आहे.”

मागच्या चौघांतला एक जण खुदकन हसला.

“उत्तरं उद्या छापायची आहेत,” ताई म्हणाल्या. “माझं छापू, की तुमचं?”

भोंगळ्यांनी अंकाची घडी घातली.

“गोचीडच छापा.”