महाराजांचा घोडा आणि दोन ग्राफिक्स कार्डं

तिरकसगडच्या धुंडिराज महाराजांचा घोडा पुन्हा नदीत पडला.

घोडा कॉम्प्युटरमधला होता, म्हणून हाडं मोडायची नाहीत, एवढंच. शर्यतीच्या खेळात कड्यावरचं वळण आलं की महाराज घोड्यासकट खाली जायचे, आणि सगळा दरबार कौतुकाने म्हणायचा, "महाराज घोड्याला पाणी पाजायला उतरले." तिरकसगडात रीतच होती तशी. महाराज पडले, हरले, चुकले असं कुणी बोलायचं नाही. जो बोलेल त्याचा मुक्काम वेशीबाहेर. म्हणून खेळात वळण आलं की सरदार-मानकरी मान वर करून छताकडे बघत बसायचे. न बघितलेल्या गोष्टीबद्दल तोंडून काही निसटायची भीती नाही!

आता घोडा पडतो म्हणजे दोष कुणाचा? अर्थात मोतद्दाराचा! पागेवरच्या बिचाऱ्या सोनबाकडे खऱ्या घोड्यांबरोबर या घोड्याचीही जबाबदारी आली. तो रोज सकाळी पडद्याला खरारा करायचा आणि कॉम्प्युटरसमोर भिजवलेले हरभरे ठेवायचा. ते हरभरे दुपारपर्यंत दिवाणजी संपवायचे. घोडा काही सुधारला नाही.

शेवटी महाराजांनी ठरवलं की खोट ग्राफिक्स कार्डात आहे. पडद्यावर चित्रं पळवणारं तेच ना! झालं, दोन नवी कार्डं आली. एक दिवाण त्र्यंबकपंतांनी पारखून आणलं. दुसरं महाराणींचे भाऊ भालेराव यांनी भेट पाठवलं, तेही चांदीच्या तबकात, वर भरजरी रुमाल घालून. महाराजांनी दोन्ही लावून पाहिली. दोन्हींवर घोडा नदीत! दोन्हीकडचं पाणी गोड असणार, असं दरबाराचं मत पडलं.

महाराज भडकले. त्यांनी सोनबाला बोलावून हुकूम सोडला, दिवेलागणीच्या आत चांगलं कार्ड कोणतं ते सांग. भालेरावांच्या कार्डाला नावं ठेवलीस तर महाराणी रुसतील. दिवाणजींच्या कार्डाला ठेवलीस तर दिवाणजी रुसतील, मग राज्य कोण चालवणार? आणि दोन्ही सारखीच म्हणालास, तर दोन्ही गळ्यात बांधून तुला वेशीबाहेर हाकलीन.

सोनबा पागेत परतला तो तोंड वाळवूनच. इकडे आड, तिकडे विहीर. पागेतली शिंगरं त्याने पोटच्या पोरांसारखी वाढवली होती. त्यांना सोडून जायच्या नुसत्या विचाराने त्याचे डोळे भरून आले. त्याची मुलगी गोजरा घोडीपुढे चारा टाकत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, महाराज पडतात तरी कसे?

सोनबाने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "पोरी, त्ये कुनाला ठावं? आमी तवा छताकडं बघतो."

"मग कार्डाची पारख छताकडं बघून कशी व्हायची?" गोजराने हात झटकले आणि बापाला घेऊन ती थेट दरबारात गेली.

तिने महाराजांना दोन्ही कार्डांवर एकेक फेरी मारायची विनंती केली. आधी भालेरावांचं कार्ड लागलं. घोडा बेडकासारखा उड्या मारत निघाला. आत्ता इथे, तर एकदम तिथे. वळणावर पडदा गोठला आणि पुन्हा हलला तेव्हा महाराज नदीत होते. मधलं काही दिसलंच नाही. मग दिवाणजींचं कार्ड लागलं. घोडा कसा झुळझुळ पळाला, वाटेवरच्या झाडांचं पान न् पान हलताना दिसलं. वळण आलं, तसा सगळा दरबार छताकडे बघू लागला. गोजरा तेवढी डोळे फाडून कधी पडद्याकडे, कधी महाराजांकडे बघत राहिली.

"बोल, कोणतं चांगलं?" महाराजांनी विचारलं.

"दिवाणजींचं, म्हाराज. त्याच्यावर तुमी लई झ्याक पडता."

दरबाराच्या माना छतावरून खटकन खाली आल्या.

"काय म्हणालीस?"

"खरं त्येच सांगते. आधी पागोटं सुटलं, मग मिशा वर झाल्या, आन् मग घोडा मागं ऱ्हाऊन तुमीच पुढं गेला. पानी उडालं त्याचा थेंब न् थेंब दिसला. एवढं फर्मास पडनं दाखवायचं म्हंजे कार्ड तालेवारच पायजे."

"आणि आमच्या भावाचं कार्ड?" चिकाच्या पडद्याआडून महाराणींचा करडा आवाज आला.

"त्ये लई अदबशीर हाय, बाईसाहेब. अगदी दरबारी. म्हाराज पडाया लागले की त्येबी डोळं मिटून घेतं."

आमच्या माहेरची शिस्तच तशी, असं म्हणून महाराणी खूश झाल्या. दिवाणजी तर आधीच खूश होते. महाराजांचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता.

"एवढं बघितलंस, तर मी का पडतो तेही सांग."

"वळन आलं की तुमचा हात बटनावर नसतो, म्हाराज. मिशीला पीळ भरत असतो."

महाराजांनी चटकन मिशीवरचा हात खाली घेतला. "मग हे आजवर मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"कसं सांगनार? छतावर त्ये दिसत न्हाई."

महाराजांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि ते असे खदाखदा हसत सुटले की खुर्चीवरून खालीच आले. मानकऱ्यांनी सवयीप्रमाणे माना वर केल्या.

"अरे, पडलो मी!" महाराज खालून ओरडले. "उचला की!"

गोजरा आणि सोनबाने त्यांना उचललं. हसू आवरेना, तशातच महाराजांनी सोनबाला कॉम्प्युटरच्या घोड्याच्या जबाबदारीतून मोकळं केलं, सगळी पागा कायमची त्याच्या हवाली केली, आणि गोजराला सांगितलं, तुला आवडेल ते शिंगरू निवडून घरी घेऊन जा.