वाफ्यात बसलेले महाराज

नदीकाठच्या हिंगणवाडीत भावगिरी महाराजांचा मुक्काम होता, तेव्हा गावात गुऱ्हाळे लागली होती. खंडेराव पाटलांच्या गुऱ्हाळावर दौलू नावाचा गुळव्या होता. उसाचा रस काहिलीत कढवायचा आणि नेमक्या वेळी काहील उतरवून पाक शेजारच्या उथळ वाफ्यात ओतून घ्यायचा, हे त्याचे काम. महाराजांचे दर्शन घेतल्याशिवाय तो जाळ पेटवीत नसे. पाटील खदाखदा हसत. "दौल्या, तुझा गोसावी गूळ खायला आलाय, आशीर्वाद द्यायला न्हवं!"

त्या दिवशी पाटलांचे व्याही गुऱ्हाळ बघायला आले होते. पाक तयार झाला. दौलू रोजच्याप्रमाणे काहील कलते त्या बाजूला उभा राहिला. गड्यांनी कड्यांत दांडे घातले. आणि काय सांगावे! महाराज झपाझप आत आले आणि थेट रिकाम्या वाफ्यात मांडी घालून बसले!

सगळे जागच्या जागी थिजले. उकळता पाक तिथेच तर ओतायचा होता!

"म्हाराज, उठा की!" दौलू हात जोडून धावला. "पाक करपंल. माझं नाव जाईल."

"जाऊ दे," महाराज म्हणाले. "तू माझ्याजवळ बस."

व्याह्यांसमोर शोभा झाली म्हणून पाटील लालबुंद झाले. "दौल्या, बघतोस काय? धर त्याला आन् काढ भाईर!"

दौलूला रडू कोसळले. काहील जाळलेल्या गुळव्याला पुन्हा कोणी दारात उभे करत नाही. ठरलेले मोडले की देव कोपला असेच आपल्याला वाटते, त्यालाही तसेच वाटले. तरी तो म्हणाला, "त्यांच्या अंगाला हात लावणं माझ्याच्यानं हुयाचं न्हाई." आणि तो महाराजांच्या पायांशी बसला.

"मग आजपासनं हितं पाऊल टाकू नगंस!" पाटील गरजले. काहील निदान जाळावरून निघावी म्हणून त्यांनी स्वतःच दांड्याला हात घातला. गड्यांनी जोर केला मात्र, काडकन कडी तुटली! उकळता पाक भसकन सांडला, तो दौलूच्या रोजच्या जागेवरच. पाटील मागे कोसळले. पाकाचा लोंढा वाफ्यात शिरला. दौलूने डोळे मिटून महाराजांना मिठी मारली. गुऱ्हाळावरच्या बायका किंचाळल्या.

वाफ निवली. लोक बघतात तो दौलू कमरेपर्यंत पाकात, आणि अंगावर एक फोडही नाही!

"गार हाय," तो पुटपुटला. "गार हाय वो!"

बाहेर सांडलेल्या पाकाखाली मात्र पाचट जळून काळे पडले होते. पाटील रांगत वाफ्यापाशी आले आणि महाराजांच्या पायांना हात लावू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मी तर नदीवर निघालो होतो, पाटील. त्या वरच्याने मधेच इकडे वळवले. माझे पाय कशाला धरता? दौलूने तुमचे ऐकले असते, तर आता त्याच्या घरी जाऊन काय सांगितले असतेत?"

पाटलांनी पागोटे काढले आणि व्याह्यांच्या देखत ते दौलूपुढे वाकले.

"मालक, नगं!" दौलू घाबरून मागे सरला. "पाय गुळानं भरल्यात."

पाटलांनी त्याच पायांवर कपाळ टेकवले.