अरळीची फांदी

तंजावरच्या राणीसाहेब तापाने फणफणल्या होत्या. कानडी मुलखातून मोठ्या मानाने आणलेल्या वैद्य चन्नबसप्पांनी महाराजांसमोर फर्मावलं, "अरळीच्या सालीचा काढा द्या."

साल आणायला सांगितलेली तमिळ माळीण अलमेलू जागची हलली नाही. "अरळी विषारी आहे, महाराज. मी आणणार नाही."

वैद्य कडाडले, "शेकडो रोग्यांना मी तोच काढा पाजलाय. खुरपं धरणारीने मला वैद्यकी शिकवू नये. राणीसाहेबांचं बरंवाईट झालं तर दोष हिचा."

महाराजांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. तरी अलमेलू बागेत गेली आणि एक फांदी तोडून तिने वैद्यांपुढे धरली. "ही घ्या अरळी. साल आपणच सोला, काढाही आपल्याच हाताने पाजा."

वैद्य दोन पावलं मागे सरले. "ही तर कण्हेर. हिने माणूस मरेल. आमच्याकडे अरळी म्हणजे पिंपळ."

"आमच्याकडे हीच अरळी," अलमेलू म्हणाली. "खुरपं धरणारीला नावावर विसंबून चालत नाही, वैद्यराज. ती झाड बघते."

महाराजांनी मुठीवरचा हात काढला. "वैद्यराज, पिंपळाची साल आणायला तुम्हीही जा. टोपली तुम्ही धरा, झाड ही दाखवेल."