पंधरा दिवस कधीपासून?

त्या दिवशी वैशाखाचा उकाडा असा होता की झाडाचं पानही हलत नव्हतं. भिवा गोताड तिसऱ्यांदा तालुक्याच्या कचेरीत आले होते. उत्पन्नाचा दाखला मिळाला तरच बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन फुकट होणार होतं. पण साहेब दरवेळी अर्जावर इंग्रजीत 'विदिन फिफ्टीन डेज' लिहून त्यांना परत पाठवत. म्हणजे पंधरा दिवसांच्या आत, हे शेजारच्या मांडवकर बाईंनी वाचून सांगितलं होतं.

"इंग्रजी कळतं का, आजोबा?" साहेब हसले. "लिहिलंय ना वर?"

"नाही कळत, साहेब. मी आंबे पिकत घालणारा माणूस. आढी घातली की आधी भिंतीवर कोळशानं तो दिवस मांडतो. नुसतं 'पंधरा दिवसांत पिकेल' म्हणत बसलो, तर रोजच पंधरा दिवस उरतात आणि आंबा सडून जातो. अर्जावर तेवढा आजचा दिवस मांडा."

रांगेतले लोक हसत, "आमच्यावरही तारीख घाला" म्हणत आपापले अर्ज पुढे करू लागले. साहेबांनी तारीख घालायला पेन उघडलं, आणि तारखेऐवजी थेट दाखल्यावरच सही केली.

संध्याकाळी भिवा डझनभर आंबे घेऊन बाईंच्या दारात उभे राहिले. "तुम्ही वाचून दाखवलंत म्हणून झालं हे. लई उपकार झाले."

बाई म्हणाल्या, "आजोबा, हे इंग्रजी मी वीस वर्षं मुलांना शिकवतेय. आता शाळा उघडली की आधी तारीख घालायला शिकवीन."